मधला मजकूर

मला धक्का बसायला फार काही लागत नाही, असा आमच्या घरात समज आहे. तो चुकीचा आहे. वादळात विजेचा खांब अंगणात आडवा झाला तेव्हा मी ताटावरून उठलो नव्हतो. हुलसूर तालुका झालं त्या दिवशी सगळं गाव नाचत होतं आणि मी तुरीवर औषध फवारत होतो. पण गेल्या महिन्यात एका सोमवारी, सकाळी आठ ते दुपारी दोन एवढ्या वेळात, मला इतके धक्के बसले की अजून कोणी दार वाजवलं तरी मी आधी भिंत धरतो.

आमच्या शेतकरी संघाच्या कचेरीत एक अर्ज खिडकी आहे. तिच्यामागे मी अठ्ठावीस वर्षं बसतो. अक्षरं शिकलो तीच मुळी चाळिशीला आल्यावर, साक्षरता वर्गात. पण एकदा शिकल्यावर ती वाया घालवली नाहीत. कोणाची पेन्शन थांबली, कोणाचं नाव सातबाऱ्यासारख्या कागदातून गळालं, की माणूस खिडकीशी येतो आणि मी अर्ज लिहितो. आमच्या या सीमेवरच्या भागात बोलणं मराठीत, अर्ज कन्नडात आणि भांडण दखनीत, अशी सोय आहे. मला तिन्ही येतात.

तर वरच्या कचेरीतून एक पत्रक आलं. सात पानांचं. आमचे सचिव संकर्षण यांनी आम्हाला समोर बसवून ते वाचून दाखवलं, म्हणजे पहिला परिच्छेद वाचला आणि शेवटचा वाचला. पहिल्यात लिहिलं होतं की सर्व केंद्रांतील सर्व कर्मचाऱ्यांनी जनरेटिव्ह एआयचं कौशल्य प्रशिक्षण घ्यावं. शेवटच्यात लिहिलं होतं की एकही कर्मचारी नापास झाल्यास कलम नऊप्रमाणे खिडकी बंद करून शेजारच्या केंद्रात विलीन करावी.

"म्हंजे?" नागम्माने विचारलं. नागम्मा आमच्याकडे झाडलोट करते, चहा करते आणि खिडकीचं शटर वर-खाली करते.

"म्हणजे आपली खिडकी बसवकल्याणला जाईल," संकर्षण म्हणाले.

पलीकडच्या मेहकर गावची म्हातारी माणसं एक गाडी करून हुलसूरला येतात तीच धापा टाकत. त्यांना आता बसवकल्याण दाखवायचं? कर्मचारी आम्ही तिघेच: संकर्षण, नागम्मा आणि मी. संकर्षण पदवीधर आहेत. नागम्माला सही येते. तिघांत कोण नापास होईल याचा हिशोब सगळ्यांनी मनातल्या मनात केला आणि सगळ्यांनी एकदम नागम्माकडे पाहिलं. मीही पाहिलं. हे मी आज कबूल करतो.

प्रशिक्षणाआधी नोंदणी. नोंदणी कॉम्प्युटरवर. त्यात शिक्षणाचा एक रकाना होता आणि त्याची सुरुवातच दहावीपासून होती. साक्षरता वर्गाचं माझं प्रमाणपत्र मी काचेत बसवून ठेवलंय. ते भिंतीवरून काढून नेलं. कॉम्प्युटरला त्याचं काही वाटलं नाही. मग अंगठा लावा म्हणाले. माझ्या अंगठ्यावरच्या रेषा कुदळीने कधीच खाल्ल्यात. यंत्र म्हणालं, हा माणूस तुम्ही नाही. चार वेळा म्हणालं. अठ्ठावीस वर्षं मी लोकांना 'हा माणूस हाच आहे' असे दाखले लिहून देतो, आणि मी मी आहे हे सांगायला मला संकर्षणांची सही लागली.

माझे शेजारी अच्युतराव गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी कुंपणावरून विचारलं, "भीमराज, कॉम्प्युटरला काय सांगायलास म्हणे?"

"एआय शिकायलोय, गुरुजी."

"मग एक लक्षात ठेव. त्याला अरेतुरे करू नको. आज ते आपल्या हाताखाली आहे. उद्या साहेब होईल, तेव्हा याद काढील."

हा सल्ला मला पटला. आयुष्यात मला गुरुजींचे पटलेले सल्ले दोनच. पहिल्याने माझी विहीर गेली.

शिकवायला शैलश्री नावाची मुलगी आली. कलबुर्गीची, कडगंचीच्या विद्यापीठात शिकलेली. पोर हुशार आणि गोड, मला अज्जा म्हणायची. पहिल्याच दिवशी तिने नागम्माच्या हातात फोन दिला आणि म्हणाली, "अक्का, बोला. जे पायजे ते सांगा."

नागम्माने फोन तोंडाशी धरला. "ए, ऐक. रविवारी खिडकी बंद ऱ्हाती. पाटी लिव्ह. मोठ्या अक्षरात. कन्नडात बी लिव्ह. झालं."

पाटी तयार. दोन्ही भाषांत. शैलश्रीने टाळ्या वाजवल्या. "बघा, असं सांगायचं! नेमकं!"

मला आनंद झाला असं मी म्हणालो. नागम्माचा रेशनकार्डाचा अर्ज मी तीनदा लिहिलाय हे मात्र मला उगीचच आठवत राहिलं.

आता माझी पाळी. आणि इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. आमच्याकडे कोणी कामाला आला तर काम आधी सांगत नाही. ते उद्धटपणाचं समजतात. आधी जयभीम, रामराम, लिंगायतांचं शरणार्थी, सलाम, ज्याचं जे असेल ते. मग पाणी. मग तुमचं कसं, आमचं कसं. घरातलं माणूस, गोठ्यातलं जनावर, शेजारी, पोरंबाळं. हे सगळं झाल्यावर काम. आल्या आल्या 'माझी पेन्शन बघा' म्हणणाऱ्याच्या घरी काहीतरी वाईट घडलंय असं आम्ही समजतो.

गृहपाठ असा होता की प्रत्येकाने यंत्राकडून एक खराखुरा अर्ज लिहून घ्यायचा आणि प्रशिक्षणाच्या पोर्टलवरून पाठवायचा. माझ्याकडे खरं काम होतंच. परीक्षा सोमवारी, आणि त्याच सोमवारी मेहकरला माझ्या मेहुण्याच्या मुलीचं लग्न. परीक्षा दोन दिवस पुढे ढकलावी, एवढीच विनंती.

मी लिहिलं, "जयभीम साहेब. बरे आहात का?"

यंत्र म्हणालं, मी ठीक आहे, आपण कसे आहात?

विचारलं, म्हणून सांगितलं. बायकोचा डावा गुडघा उठता-बसता कटकट वाजतो. म्हैस दोन वर्षं झाली गाभण राहत नाही. बोअरच्या मोटारीला जळका वास येतो, वायरचं काय ते मलाच नक्की माहीत नाही. गुरुजींच्या लिंबाची फांदी आमच्या पत्र्यावर टेकते, पण शेजारी आहेत, बोलायचं कसं? एकुलता मुलगा प्रेमानंद पुण्याला असतो, दोन महिने झाले त्याचा फोन नाही, त्याची आई रोज विचारते. प्रत्येक गोष्टीला यंत्र म्हणायचं, हे ऐकून वाईट वाटलं, आणखी सांगा. मी म्हटलं, काय माणुसकी आहे! शेवटी म्हणालो, बरं साहेब, आता कामाचं: परीक्षा दोन दिवस पुढे ढकलण्यासाठी अर्ज लिहून द्या.

चार पानं. घडाघडा. असली कन्नड मी तहसीलदारांच्या तोंडीही ऐकली नव्हती. पहिली ओळ वाचली: मान्यवरांच्या सेवेशी. शेवटची वाचली: परीक्षेची तारीख दोन दिवस पुढे ढकलावी, आपला विश्वासू. उत्तम.

मधलं वाचलं नाही. का वाचू? अठ्ठावीस वर्षांत अर्जाचं मधलं वाचणारा अधिकारी मी पाहिलेला नाही. खाली एक चौकोन होता: 'संबंधित खात्यांना प्रती पाठवाव्यात का?' प्रती नसलेला अर्ज म्हणजे बिनमिठाची भाजी. मी बोट ठेवलं.

सोमवार उजाडला. पुढे ढकलण्याबद्दल वरून अक्षर आलं नव्हतं, म्हणजे परीक्षा होतीच, बारा वाजता. सुभद्राबाई, म्हणजे आमचं घर, नवं लुगडं नेसून मेहकरला निघायच्या तयारीत आणि माझ्यावर रुसलेली. आठ वाजता दारात जीप थांबली. जनावरांचे डॉक्टर उतरले. कोपरापर्यंत रबराचा हातमोजा चढवूनच उतरले.

"म्हैस कुठं हाय?"

"का, साहेब? काय केलं तिनं?"

त्यांनी कागद उघडून वाचलं: "'अर्जदाराची म्हैस गेल्या दोन वर्षांपासून अपेक्षित प्रतिसाद देत नाही.' आणि खाली लिवलंय, सात दिवसांत कारवाई न झाल्यास अर्जदार वरिष्ठांकडं दाद मागील. कामून धमकी देयलाव, मामा? सांगितलं असतं तर आलो असतो की."

मी तोंड उघडलं, पण त्यातून काही निघायच्या आत दुसरी जीप आली. तीत सरकारी दवाखान्याच्या नर्सबाई. त्यांनी सुभद्राबाईला ओट्यावर बसवलं, नव्या लुगड्यासकट, आणि गुडघा दाबून म्हणाल्या, "वाजवा बरं."

"काय वाजवू?"

"इथं लिवलंय बघा. 'अर्जदाराच्या पत्नीचा डावा गुडघा सार्वजनिक स्वरूपाचा आवाज करतो.'"

सुभद्राबाईने माझ्याकडे पाहिलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने असं एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हा मी चार दिवस भावाकडे राहिलो होतो. "आवो, माजा गुडगा सरकारच्या कागदात कामून घातलाव? आता मेहकरला समद्यांस्नी कळंल. मांडवात बसले की लोक कान देतील!"

तेवढ्यात पाठीमागून "कोन हाय घरात?" असा आवाज आला. वायरमन. तो थेट बोअरकडे गेला, खांबापासून मोटारीपर्यंत वायर बघत बघत आला, आणि हसला. "'जोडणीच्या वैधतेबाबत अर्जदार स्वतः साशंक आहे.' मामा, एवढ्या वर्सांत स्वतःहून सांगणारा पयलाच माणूस बघायलोय." पकड काढली आणि वायर कापून गुंडाळून खांद्यावर टाकली. पाणी बंद. म्हशीने गोठ्यातून एक मोठा हंबरडा फोडला. तो प्रतिसाद अपेक्षित होता की नाही ते डॉक्टरच जाणोत.

मी ओट्याच्या पायरीवर बसलो. यात मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल? अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातच्या एकाही अर्जाला असं कोणी धावत आलं नव्हतं. मडिवाळप्पाच्या शेतरस्त्याचा अर्ज मी नऊ वर्षांत चौदा वेळा लिहिला. अजून तो बांधावरून चालतो. आणि या यंत्राच्या एका अर्जाला एका सकाळीत तीन खाती!

चौथं खातं कुंपणावरून आलं. अच्युतराव गुरुजी, हातात पंचायतीची नोटीस, धोतराचा सोगा सुटलेला.

"भीमराज! 'शेजाऱ्याचा वृक्ष अर्जदाराच्या छपरावर हक्क सांगत आहे'? माझा लिंब? हक्क सांगतो? तीस वर्षं तू त्याच्या सावलीत खाट टाकायलास!"

"गुरुजी, मी तसं म्हणलो न्हाई. तुमीच म्हणला होता, त्याच्याशी आदरानं बोल..."

"आदरानं बोल म्हणालो. माझ्यावर बोल म्हणालो का?"

आणि मग मोटारसायकलवरून पोलीस आला. वर्दी बघून नर्सबाईसुद्धा उठून उभ्या राहिल्या. त्याने टोपी काढली, आवाज खाली आणला आणि सुभद्राबाईला म्हणाला, "अक्का, धीर धरा. पोराचा तपास लागलाय."

"कुण्या पोराचा?"

"तुमच्या. 'एकुलता मुलगा दोन महिन्यांपासून संपर्काबाहेर.' पुण्याच्या ठाण्याला कळवलंतं. सापडला. सुखरूप हाय."

सुभद्राबाई मटकन खाली बसली. गुडघा खरंच वाजला, सगळ्यांनी ऐकला. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"बाबा!" प्रेमानंद ओरडत होता. "माझ्या ऑफिसात पोलीस आलेत! मॅनेजर समोर उभाय! तुम्ही मला बेपत्ता केलाव?"

मी काही बोलायच्या आत सुभद्राबाईने फोन ओढून घेतला. "पेमा? जेवलास का रं?" आणि पुढची बारा मिनिटं पुण्याचा पोलीस, मॅनेजर आणि हुलसूरचा पोलीस, सगळे थांबून राहिले, कारण मायलेकरांचं बोलणं दोन महिन्यांचं तुंबलं होतं. फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा निवळला होता. नर्सबाईंची जीप मेहकरवरूनच जाणार होती. गुडघ्याला मलम लावून ती सरकारी जीपमधून लग्नाला गेली, पुढच्या सीटवर बसून. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

बारा वाजून गेले होते. मी धावत संघाच्या कचेरीत गेलो.

परीक्षक वरच्या कचेरीतून आले होते. चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. संकर्षण पास झाले होते. नागम्मा पहिली आली होती. माझा अर्ज साहेबांच्या हातात होता आणि शैलश्री खिडकीबाहेर बघत होती.

"यात एक विनंती आहे आणि पाच तक्रारी," साहेब म्हणाले. "पाठवण्याआधी वाचला होता?"

खोटं बोलता आलं असतं. शैलश्रीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिचीही इच्छा तीच दिसली. पण सकाळपासून माझ्या नावावर इतका मजकूर फिरला होता की आणखी भर घालायची ताकद नव्हती.

"पहिली ओळ वाचली, साहेब. आणि शेवटची. मधलं वाचलं न्हाई."

"सगळं प्रशिक्षण याच एका गोष्टीसाठी होतं, काका. यंत्र लिहील ते माणसाने पूर्ण वाचायचं. मी तुम्हाला पास कसं करू?"

बंद शटरच्या पलीकडून माणसांचं बोलणं ऐकू येत होतं. जेवणाच्या सुट्टीनंतर दोनला खिडकी उघडते आणि लोक आधीच येऊन बसतात. त्यांना ठाऊक नव्हतं की आतमध्ये त्यांना बसवकल्याणला पाठवणं चाललंय, ते माझ्यामुळे. मी हात जोडले. असे हात मी कोणासमोर जोडलेले नाहीत.

"साहेब, मला काढा. खिडकी ऱ्हाऊ द्या."

"नियम तसा नाही," साहेब म्हणाले. मग त्यांना माझी दया आली असावी, कारण त्यांनी ते सात पानांचं पत्रक माझ्यापुढे सरकवलं. "एक संधी देतो. मधलं वाचत नाही ना तुम्ही? हे वाचा. सगळं. मोठ्याने. एक ओळ गाळली तर नापास."

मी चष्मा पुसला आणि सुरुवात केली. मी हळू वाचतो. उशिरा शिकलेला माणूस अक्षरावरून उडी मारत नाही, एकेकावर पाय ठेवून जातो. पहिलं पान. दुसरं. साहेब घड्याळ बघत होते. तिसऱ्या पानावर संकर्षणांनी जांभई दिली. पाचव्या पानावर मी कलम नऊला आलो आणि वाचलं:

"समुद्रकिनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या आत असलेली व मासेमारी बोटींची नोंद ठेवणारी जी केंद्रे असतील, त्यांतील एकही कर्मचारी नापास झाल्यास अशी केंद्रे बंद करून..."

मी थांबलो. चष्मा काढला, पुसला, परत घातला. तेच होतं.

"साहेब," मी विचारलं, "हुलसूरला समुद्र कधी आला?"

"काहीतरी चुकीचं वाचलंत." साहेबांनी कागद ओढून घेतला. वाचला. परत वाचला. ओठ हलवत वाचला. आमच्याकडचं मोठ्यात मोठं पाणी म्हणजे मांजरा नदी, आणि उन्हाळ्यात तिच्यात सुभद्राबाईचा गुडघासुद्धा भिजत नाही.

"हे पत्रक कुणी लिवलं?" नागम्माने विचारलं.

साहेब खुर्चीत हळूच टेकले. "यंत्राने. आमच्या कचेरीत सगळ्यांचं प्रशिक्षण आधीच झालंय."

शैलश्रीने तोंडावर ओढणी धरली. ती हसत होती की काय ते मला कळलं नाही, पण पुढचं वाक्य ऐकून तिचाही हात खाली आला. साहेब स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "दोन जिल्ह्यांत गेलंय हे. एकवीस खिडक्या बंद केल्या आम्ही. या कलमावर."

एकवीस! मला खरा धक्का तो बसला. म्हैस, गुडघा, वायर, लिंब, पोलीस, सगळं माझ्या एका अंगणातलं होतं. हे एकवीस गावांचं. एकवीस ठिकाणी माणसं बंद शटर बघून, पुढच्या गावाची गाडी विचारत परत फिरली असतील. आणि एकवीस ठिकाणी एकालाही विचारावंसं वाटलं नाही की आमच्या गावाला समुद्र कुठे आहे!

"मग उघडा की त्या," मी म्हणालो.

"अशा नाही उघडत, काका. माझ्याच कचेरीला अर्ज करावा लागेल. माझ्या नावाने. कलम चुकलंय असा." त्यांनी घाम पुसला. पेन घेऊन माझ्या निकालाच्या कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि कागद माझ्याकडे सरकवताना आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही लिहून द्याल का? हाताने?"

मी हो म्हणणार होतो. खुर्ची ओढून त्यांना जवळ बसवणारही होतो, साहेब माणूस म्हणून. पण दोन वाजले होते, आणि नागम्माने शटर वर ढकललं होतं. उन्हाचा पट्टा टेबलापर्यंत आला. बाहेर मेहकरच्या दोन म्हाताऱ्या, एक पागोटेवाला, कडेवर पोर घेतलेली बाई, अशी माणसं उभी होती.

"अर्ज पायजे?" नागम्मा साहेबांना म्हणाली. "मग हितं आत कामून बसलाव? भाईर रांग हाय."

साहेब उठले. दारातून बाहेर गेले, कचेरीला वळसा घातला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. पागोटेवाल्याने मागे वळून त्यांना जागा करून दिली आणि विचारलं, "रामराम. कुण्या गावचे तुमी?"

त्यांच्यापुढे सात माणसं होती. मी पहिल्या म्हातारीला म्हणालो, "या, मावशी. पाणी घेणार?"